सात नंबरची प्लेट

मावशींचा राग नाकावर असतो असं कारखान्यात म्हणतात, पण ते शास्त्राला धरून नाही. कामाच्या वेळी त्यांचं नाक मास्कच्या आत असतं, कान आणि कपाळ टोपीच्या आत, आणि उरलेल्या मावशी एका पांढऱ्या झबल्याच्या आत. दिसतात ते फक्त डोळे, तेही चष्म्यामागून. इंजेक्शनच्या बाटल्या भरायच्या त्या खोलीत सगळ्यांचा पोशाख हाच. दहा माणसं उभी राहिली की दहा उशा उभ्या केल्यासारख्या दिसतात आणि कोण कुठली उशी ते जन्मदात्या आईलाही सांगता यायचं नाही. मावशी मात्र बरोबर ओळखू येतात. जिच्या आसपास बाकीच्या उशा आपोआप ताठ होतात, त्या मावशी.

सव्वीस वर्षं त्या या औषधाच्या कारखान्यात आहेत. काम काय करता असं विचारलं तर त्या सांगतात, "ठसे घेते." ऐकणाऱ्याला वाटतं, बाई पोलिसात असाव्यात. तसं ते फार लांबचंही नाही. त्यांच्याकडे तळहाताएवढ्या झाकणाच्या प्लेटा असतात. प्लेटेत जेलीसारखा फुगीर थर असतो. तो म्हणजे जंतूंचं जेवण. बाटल्या भरण्याचं काम संपत आलं की मावशी आत जातात आणि भिंत, टेबल, ढकलगाडी, दाराची मूठ अशा नऊ ठरलेल्या जागी एकेक प्लेट पालथी दाबतात. त्या जागेवर जे काही बसलेलं असेल ते जेलीला चिकटतं. मग झाकण लावून प्लेट पाच दिवस उबेच्या कपाटात. जंतू असेल तर तो तिथे खाऊनपिऊन संसार थाटतो, आणि डोळ्याला न दिसणाऱ्या त्या एकट्या जीवाचा पाच दिवसांत मोहरीएवढा ठिपका होतो. मावशी ठिपके मोजतात आणि आकडा कागदावर लिहितात. पाचाच्या वर गेला तर धावाधाव.

एवढ्याशा ठिपक्याचं एवढं काय, असं त्यांना एकदा एका पाहुण्यानं विचारलं होतं. मावशींनी त्याला समोर बसवून सांगितलं, "गोळीतून काही गेलं तर पोट बघून घेतं. पोटानं कॅन्टीनचं जेवण पचवलेलं असतं. हे औषध शिरेतून जातं. शिरेला दार नाही, कडी नाही, रखवालदार नाही." पाहुणा त्यानंतर बराच वेळ स्वतःच्या मनगटाकडे बघत होता.

घरी यजमान. ते घड्याळं दुरुस्त करतात; एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर टेबलाशी बसलेले. नवरा-बायको दोघंही बारीक गोष्टींकडे बघून पोट भरणारी, फरक इतकाच की यजमानांना जे दिसतं ते त्यांना आवडतं. ते शिंकले की मावशी त्यांच्याकडे एकदाच बघतात.

"मोजू नकोस," यजमान म्हणतात.

"मोजण्यापलीकडचं आहे ते."

तर, राग. मावशींचा राग हा कारखान्यातल्या यंत्रसामग्रीचाच एक भाग होता. नवीन माणूस आला की त्याला आधी आग विझवायचं नळकांडं दाखवत आणि मग मावशी. आतल्या लाइनवर एक जुना माणूस होता, त्याला सगळे पहिलवान म्हणत, कारण सगळ्यांत लहान मापाच्या झबल्यातही त्याच्यासारखे दोघं मावले असते. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पाळीत एका प्लेटेवर तीन ठिपके आले. मावशींनी त्याला कॅन्टीनमध्ये, भर जेवणात गाठलं.

"तीन. तुझ्या पाळीत. अंघोळ करून येतोस की नुसता अंघोळीचा विचार करून येतोस?"

"मावशी, मर्यादा पाचाची आहे."

"पस्तीसला पास करतात म्हणून पोरांना पस्तीसच मिळवायला सांगतोस का घरी?"

कॅन्टीन खदखदून हसलं. पहिलवानानं ताट अर्धवट टाकलं आणि उठून गेला. मावशींनी ते बघितलं नाही. त्यांचं लक्ष पुढच्या बकऱ्याकडे होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी शून्यं यायला लागली.

नऊच्या नऊ प्लेटा, शून्य. पुढच्या वेळी शून्य. त्याच्या पुढच्या वेळी शून्य. पहिल्या महिन्यात मावशी खूश झाल्या आणि त्यांनी सबंध पाळीला स्वतःच्या पैशानं चहा पाजला, ही गोष्ट पुढे कित्येक दिवस कारखान्यात दंतकथा म्हणून सांगितली जायची. दुसऱ्या महिन्यात त्या गप्प झाल्या. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या भुवया चष्म्याच्या वर आल्या. माणूस म्हटला की तो झडतो. कितीही गुंडाळा, चालला-फिरला की त्याच्यातून काहीबाही गळतच असतं. दहा माणसं राबतात त्या खोलीत कधी एक, कधी दोन असे ठिपके यायलाच हवेत. मर्यादा पाचाची ठेवली आहे ती काय शोभेला?

त्यांनी आधी स्वतःवर संशय घेतला. एका प्लेटेला मुद्दाम उघडं बोट लावून बघितलं. पाच दिवसांत तिच्यात जत्रा भरली. म्हणजे प्लेटा जिवंत होत्या. उबेचं कपाट तपासलं. शेवटी डोळे तपासून घेतले आणि नवा चष्मा केला. शून्य शून्यच राहिलं, फक्त जास्त स्वच्छ दिसायला लागलं.

असे आठ महिने गेले.

"अगं, चांगलं आलं तरी तुला रागच," यजमान म्हणाले.

"तुमच्या टेबलावर एखादं घड्याळ आलं, आठ महिन्यांत एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही, तर काय म्हणाल?"

यजमानांनी भिंग काढलं. "असं घड्याळ नसतं. कुणीतरी रोज गुपचूप येऊन काटा सरकवून जातंय म्हणेन."

मावशी हातातला फडका घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो इतका जोरात पिळला की यजमानांनी भिंग परत डोळ्याला लावलं.

पुढच्या वेळी बाटल्या भरण्याच्या दिवशी मावशी नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी गेल्या आणि आत न जाता बाहेरच्या बोळात थांबल्या. बोळातून आतलं दिसावं म्हणून एक जाड काच बसवलेली आहे. काचेतून त्यांनी बघितलं. पहिलवान हातात स्पिरिटची बाटली घेऊन फिरत होता. ठसा घ्यायच्या प्रत्येक जागी एक गोल खूण केलेली असते, दरवेळी तीच जागा घेतली जावी म्हणून. पहिलवान एकेका खुणेशी थांबायचा, फवारा मारायचा, फडक्यानं पुसायचा आणि वर हातानं वारा घालून वाळवायचा, तापलेल्या मुलाच्या कपाळाला घालावा तसा. एक ते नऊ, क्रमानं. गोलाच्या आत, अगदी काठापर्यंत. गोलाच्या बाहेर एक बोटही नाही.

आठ महिने मावशी त्या खोलीतल्या सगळ्यांत स्वच्छ नऊ जागा शोधून त्यांचेच ठसे घेत होत्या.

त्या दिवशी पहिलवान झबलं उतरवून बाहेर आला तेव्हा मावशी बाकावर बसलेल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत.

"कधीपासून?"

पहिलवानानं बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"आठ-नऊ महिने झाले असतील."

"तू एकटा?"

"ज्याची पाळी असेल तो. ठरलंय तसं."

"कुणी सांगितलं? साहेबांनी?"

"छे. साहेबांना पत्ताही नाही." त्यानं वर बघितलं. "खरं सांगू का मावशी? तुमच्या तोंडाला भिऊन. एक ठिपका आला तरी तुम्ही चारचौघांत सालटी काढता. माणूस इथे काम करून थकत नाही, तुमचं ऐकून थकतो. आणि आम्ही काय वाईट करतोय? पुसतोच आहोत ना? घाण तर करत नाही."

"पाहुणा बसणार तेवढीच खुर्ची पुसतोस आणि घर झाडलं म्हणतोस."

"मग घर पुसलं नाही म्हणून ओरडणार, पुसलं म्हणून ओरडणार. आम्ही करायचं काय?"

मावशींच्या तोंडात उत्तर तयार असतं. कारखान्यात असं म्हणत की प्रश्न नंतर येतो, मावशींचं उत्तर आधी. त्या दिवशी उत्तराच्या आधी राग आला, आणि तो प्रचंड होता. पण तो ठेवायचा कुणावर, याची आयुष्यात पहिल्यांदाच पंचाईत झाली होती. पहिलवानाच्या अंगावर तर त्याला टेकायलाही जागा नव्हती. तो फिरून फिरून मावशींकडेच परत येत होता, आणि आपलाच राग समोरून येताना कसा दिसतो ते त्यांनी तोवर बघितलं नव्हतं.

त्या साहेबांकडे गेल्या. गुणवत्तेचे हे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. कुठलीही गोष्ट पुढ्यात आली की ते "चालेल" म्हणतात, म्हणून त्यांचं नाव चालेलसाहेब पडलं आहे, आणि तेही त्यांना चालतं.

"पुसतायत ना? चालेल," साहेब म्हणाले. "जास्त पुसलं म्हणून कुणी आजारी पडल्याचं ऐकलंय का?"

"साहेब, जागा बदला. आजच्या आज."

"जागा बदलायच्या तर कागद वर जाणार, समिती बसणार. तीन महिने धरा."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत शून्य येतंय की."

मावशींनी खुर्ची मागे ढकलली तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकून बाहेरच्या कारकुनानं आपण होऊन खिडकी बंद केली.

पुढच्या सोमवारी बाटल्या भरल्या. मावशी आत गेल्या. सहा जागांचे ठसे त्यांनी नेहमीसारखे घेतले. सात नंबरची जागा म्हणजे भिंतीतली एक दुहेरी दारांची छोटी खिडकी. तिच्यातून बाटल्यांची रबरी बुचं आत येतात. खुणेचा गोल खिडकीच्या चौकटीशेजारी आहे. तो आरशासारखा चमकत होता. मावशींचा हात सवयीनं तिथे गेला, थांबला, आणि एक वीत खाली सरकला. तिथे, चौकटीच्या खालच्या अंगाला, जिथे वाकल्याशिवाय काही दिसत नाही आणि वाकायला कुणाला सवड नसते, त्यांनी प्लेट दाबली. दहा सेकंद. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ठरलेली जागा सोडली होती.

ते पाच दिवस घरातल्या भांड्यांना वाईट गेले.

"आज झाऱ्यानं काय केलं?" यजमानांनी एकदा विचारलं.

"तुम्ही घड्याळं बघा."

शनिवारी मावशींनी कपाट उघडलं. आठ प्लेटा कोऱ्या होत्या. सात नंबरच्या प्लेटेत चौदा ठिपके होते. दहा गोल आणि पिवळसर. चार हिरवट, लोकरीसारखे, काठाला पांढरे. बुरशी. मावशींनी पुन्हा मोजले. मग चष्मा पुसून मोजले. मग प्लेट घेऊन त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या आणि टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवली. साहेबांनी कप उचलून लांब ठेवला.

"ही कुठली जागा?" सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले. "आपल्या यादीत नाही. यादीत जागा नाही म्हणजे ठसा नाही. ठसा नाही म्हणजे आकडा नाही."

"मग हे काय आहे? बटाटा?"

"मावशी, कागदावर नऊच रकाने आहेत. चौदा मी लिहू कुठे? असं करा, सात नंबरची प्लेट हातातून पडली, फुटली, असं लिहा. पडतात प्लेटा."

"माझ्या हातून पडलेली नाही. सव्वीस वर्षांत एकही."

"म्हणून तर एखादी चालेल."

"आणि त्या बाटल्या?"

"त्यांची तपासणी चालू आहे की. झाली की पुढच्या आठवड्यात गाडी. तिकडे दवाखाने वाट बघतायत, मावशी."

"चाळीस हजार बाटल्यांतल्या वीस तपासणार तुम्ही. उरलेल्या कोण तपासणार? ज्याच्या शिरेत जाईल तो?"

साहेबांनी प्लेटेवरून नजर काढून भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवली. मावशींना त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला तेवढा त्या चार बुरश्यांचाही आला नव्हता. बुरशी निदान होती तशी समोर आली होती.

खाली आल्यावर त्या पंधरा मिनिटं हात धूत राहिल्या. आकडा लिहायला रकाना नव्हता, हे खरंच होतं. पण या कारखान्यात एका गोष्टीला हमखास रकाना होता: चुकीला. कुणाच्याही हातून ठरल्या पद्धतीबाहेर काही घडलं तर त्याचा वेगळा कागद भरावा लागतो. कारकुनानं एकदा त्याच्यावर नंबर टाकला की तो फाडता येत नाही, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या दिवशीच्या औषधाची एक बाटलीही जागची हलत नाही. मावशींनी आजवर असे दोनशे तरी कागद दुसऱ्यांकडून भरून घेतले असतील, रडवून रडवून. त्यांच्या स्वतःच्या नावाचा एकही नव्हता. दर वर्षी कुणा ना कुणाला त्या हे ऐकवतच.

"एक चुकीचा कागद दे," त्यांनी कारकुनाला सांगितलं.

"कुणाची शिकार आज?"

"माझी. नंबर टाक आधी. शाईनं."

कारकुनानं नंबर टाकला आणि ही बातमी चार मिनिटांत वर पोचली. मावशींनी लिहायला घेतलं. सात नंबरचा ठसा ठरल्या जागी न घेता एक वीत खाली घेतला. त्या ठशात चौदा ठिपके आले, पैकी चार बुरशीचे. पुढचा रकाना होता कारणाचा. तिथे पेन अडलं. पहिलवानाचं नाव लिहिलं तर त्याची नोकरी जात होती. नाव न लिहिता "कामगार जागा पुसतात" एवढंच लिहिलं तर सगळ्यांच्या गळ्याला फास. आणि दोन्ही अर्धवटच. बराच वेळ पेन वर धरून बसल्यावर त्यांनी लिहिलं: "ठिपके आले की मी कामगारांना सर्वांसमोर अपमान होईल असं बोलते. त्या भीतीनं खुणेच्या जागा आधी पुसून ठेवायची सवय लागली. ही सवय माझ्यामुळे लागली. त्यामुळे आठ महिन्यांचे माझे आकडे खरे मानू नयेत." हे लिहिताना त्यांचे कान लाल झाले होते.

साहेब तोवर खाली आले होते. त्यांनी उभ्या उभ्याच वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे दोन चौकोन असतात, एक "चुकून" आणि एक "मुद्दाम". मावशींची खूण "मुद्दाम"वर होती.

"एवढं तरी बदला," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर काकुळतीला आला होता. "चुकूनवर खूण करा. समज देऊन सोडून देता येईल. मुद्दाम असेल तर तुम्हाला आत जायची बंदी घालावी लागेल, माझ्या हातात काही राहत नाही."

"चुकून लिहिलं तर काय होईल सांगू? तुम्ही म्हणाल, बाईचं वय झालं, हात थरथरला, प्लेट भलतीकडे लागली. चौकशी माझ्या हाताशी येऊन संपेल. भिंतीपर्यंत जाणारच नाही."

"मावशी, निवृत्तीला तुमची चार वर्षं राहिलीयत."

"मुद्दाम लिहिलं की विचारावं लागतं, का. विचारा मला का." त्यांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. "इथे तुमची सही."

सही करण्यावाचून साहेबांना गत्यंतर नव्हतं. नंबर पडला होता. गाडीवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी खिडकीची चौकट उघडली. आतलं रबर खालच्या बाजूनं फाटलं होतं, धुण्याचं पाणी तिथे मुरत होतं, आणि पाण्याच्या कडेकडेनं हिरवी मखमल पसरली होती. चाळीस हजार बाटल्या नष्ट झाल्या. वरून बराच आरडाओरडा झाला. त्यात मावशींचं नाव पुष्कळदा आलं आणि आभार या शब्दाशेजारी एकदाही आलं नाही. पहिलवान दोन दिवस त्यांच्या आगेमागे घुटमळला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कागदात माझं नाव नाही म्हणे."

"नाही."

"ओरडा तरी एकदा."

"वेळ नाही," मावशी म्हणाल्या. "आणि पुढे ठिपके आले तर ओरडेन, पण दार लावून. पुसू नकोस."

आठवड्यानं साहेबांनी त्यांना बोलावून पत्र दिलं. एक वर्ष आत जायला बंदी, आणि नव्या माणसांच्या वर्गात बसून ठसे कसे घ्यावेत याचं प्रशिक्षण. वर्गाचं पुस्तक मावशींनीच लिहिलेलं होतं. साहेब खाली मान घालून बसले होते; आता खोलीत काय काय फुटणार याचा ते मनातल्या मनात हिशेब करत असावेत. मावशींनी पत्र वाचलं आणि परत त्यांच्याकडे सरकवलं.

"हे मी घेणार नाही."

"मावशी, वरूनच आलंय."

"तारखेवर गिरवलंय. अकराचे बारा केलेत." या कारखान्यात लिहिलेल्यावर गिरवायचं नसतं. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी; शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. "रेघ मारा. बारा लिहा. सही करा. मग घेते."

साहेबांनी रेघ मारली, बारा लिहिलं, सही केली. मावशींनी पत्र मिळाल्याची सही केली, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि उठल्या. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या.

"खिडकीचं रबर बदललं का?"

"मागवलंय."

"मागवलंय म्हणजे बसवलेलं नाही. आणि उद्या बाटल्या भरायच्यात." त्या परत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "लिहून द्या. नवीन रबर बसेपर्यंत त्या खिडकीतून एकही बूच आत जाणार नाही. लिहा, मी थांबलेय."